शब्दचर्चा : 'फ्लँडर्सची घोडी', घोडनवरी आणि क्लीव्हजची ॲन

वेलांटी :
मंडळी, एका शब्दावर गाडी अडली आहे. ट्यूडर राण्यांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याची चौथी बायको, क्लीव्हजची ॲन. लेखकाचं म्हणणं असं की, दरबारी चित्रकार होल्बाइनने काढलेलं चित्र पाहून राजाने लग्न ठरवलं आणि ती समोर आल्यावर 'ही तर फ्लँडर्सची घोडी!' म्हणून तोंड फिरवलं. आता 'घोडी' असंच ठेवलं तर मराठीत भलताच अर्थ निघतो. 'एवढी घोडी झाली तरी साधा कुकर लावता येत नाही' हे आमच्या घरात मी कॉलेजात जाईपर्यंत ऐकलंय. त्यात कुरूपपणा कुठेच नाही, अंगाने-वयाने वाढलेली एवढंच. 'घोडनवरी' केलं तर चालेल का? की 'घोडतोंडी'?

घाटावरचा :
घोडनवरीच करा! लग्नाचा संदर्भ आहे, घोडीही आत आली, शिवाय खवचटपणा आयता. असा शब्द इंग्रजांकडे असता तर त्यांना फ्लँडर्सपर्यंत जावंच लागलं नसतं.

जुनी वही :
घाटावरचे, शब्द झकास आहे पण इथे चुकेल. 'घोडनवरी' आणि 'घोडचूक' यांतला 'घोड' एकच. जनावराशी त्याचा संबंध नावापुरता, अर्थ 'नको तेवढं मोठं'. ज्या काळात मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी उरकायची, त्या काळात चौदा-पंधरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी घोडनवरी ठरायची. टोमणा वयाला आहे, आणि खरं तर मुलीपेक्षा तिच्या बापाला आहे. ॲनचा जन्म १५१५चा, लग्न जानेवारी १५४०मध्ये, म्हणजे ती चोवीस वर्षांची होती. तिची थोरली बहीण सिबिल चौदा-पंधराव्या वर्षीच सॅक्सनीच्या घराण्यात गेली होती, त्या हिशेबाने ॲनला उशीर झाला होता हे खरं. पण हेन्रीची तक्रार वयाची नव्हती. तो स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. 'घोडनवरी' लिहिलंत तर वाचक म्हणेल, बाईचं वय लपवलं होतं वाटतं.

आणि 'घोडतोंडी' हा शब्द मी तरी कधी ऐकलेला नाही. तो आत्ताच घडवलेला वाटतो.

वेलांटी :
हो, तो माझाच. मागे घेते.

रफार :
वेलांटीताई, मराठी शब्द शोधण्याआधी मूळ वाक्यच तपासून घ्या. घोडं पेंड खातं ते तिथेच. हेन्रीने हे शब्द उच्चारल्याचा १५४०चा एकही कागद नाही. ना वकिलांच्या (म्हणजे राजदूतांच्या) पत्रांत, ना साक्षीदारांच्या जबान्यांत, ना बखरकारांकडे. 'फ्लँडर्सची घोडी' पहिल्यांदा येते ती गिल्बर्ट बर्नेटच्या इंग्लंडमधल्या धर्मसुधारणेच्या इतिहासात, आणि त्याचा पहिला खंड निघाला १६७९मध्ये. लग्नानंतर १३९ वर्षांनी! 'वरातीमागून घोडं' या म्हणीला इतकं चपखल उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. पुढे अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने आपल्या इतिहासात तिला 'मोठी थोरली' घोडी करून टाकलं, आणि मग शाळेच्या पुस्तकांपासून मेणाच्या पुतळ्यांच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे ती हेन्रीच्याच तोंडी बसली.

बरं, क्लीव्हज फ्लँडर्समध्ये नाही. ते जर्मनीत, ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला. ॲन जन्मली ड्युसेलडॉर्फला. फ्लँडर्स म्हणजे आजच्या बेल्जियमचा भाग. मग तिथलीच घोडी का? बर्नेटच्या लंडनमध्ये श्रीमंतांच्या बग्ग्यांना जुंपायला फ्लँडर्सच्या धिप्पाड घोड्या आणत. त्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच बग्गीची अवजड, रुंद पुठ्ठ्याची घोडी उभी राहायची. हेन्रीच्या इंग्लंडमध्ये तशा बग्ग्यांची चाल अजून पडायची होती. उपमाच मुळी बर्नेटच्या काळातली वाटते, असं माझं मत.

घाटावरचा :
म्हणजे राजाला ती आवडली होती की काय?

रफार :
छे. नापसंती शंभर टक्के खरी. पण ती कुणी, कधी आणि कशासाठी नोंदवली ते पाहा. लग्न मोडायचं ठरल्यावर जुलै १५४०मध्ये राजाच्या माणसांच्या जबान्या घेतल्या. अंगाला वास येतो, शरीर ढिलं आहे, कुमारी वाटत नाही, ही सगळी मुक्ताफळं त्या दप्तरातली. राजवैद्य डॉ. बट्स यांनी तर साक्ष दिली की राजाचं इतर बायकांशी जमू शकेल, फक्त हिच्याशीच जमत नाही. सगळा पुरावा एकाच गोष्टीसाठी गोळा केलेला : विवाह पूर्ण झाला नाही, आणि दोष राजाचा नाही.

दुसरा मोठा ऐवज म्हणजे थॉमस क्रॉमवेलचं ३० जूनचं पत्र. हे लग्न जुळवणारा मंत्री हाच, आणि पत्र लिहितोय लंडनच्या टॉवर या किल्ल्यातल्या कैदेतून, डोक्यावर कुऱ्हाड लटकत असताना. शेवटी दया, दया, दया अशी तीनदा याचना आहे. 'आधीच ती मला फारशी आवडली नव्हती, आता त्याहून नावडती झाली' हे लग्नाच्या दुसऱ्या सकाळचं राजाचं वाक्य याच पत्रात येतं. खोटं असेल असं नाही, पण राजाला हवं तेच लिहिण्यावाचून त्या माणसापुढे दुसरी वाटच नव्हती. तरी उपयोग झाला नाही. २८ जुलैला त्याचं डोकं उडालं, आणि त्याच दिवशी राजाने कॅथरीन हॉवर्डशी पाचवं लग्न लावलं.

तिच्या रूपाबद्दल तटस्थ माणसं काय म्हणतात? फ्रेंच वकील मारियाक लिहितो : तिशीची वाटते, उंच, सडपातळ, रूपाने मध्यम, चेहऱ्यावर ठाम निश्चय. सडपातळ! बग्गीच्या घोडीचं वर्णन कुणी असं करेल का? त्याला तिच्या सोबतच्या बायकांचे जर्मन कपडे मात्र अजिबात रुचले नाहीत. बखरकार एडवर्ड हॉलने तिचे लांब मोकळे सोनेरी केस आणि देखणा चेहरा दोन्हींची तारीफ केली आहे, पण हॉल दरबाराच्या बाजूने लिहिणारा, तेव्हा तिथे चिमूटभर मीठ लागेल. राजाच्या १५४०च्या चिलखताचा कमरेचा घेर पन्नास इंचांच्या वर आहे, एवढं जाता जाता.

ओसरी :
होल्बाइनने थापा मारल्या, चित्रात गोरीगोमटी दाखवली, असंही ऐकलं होतं.

रफार :
त्यालाही आधार नाही. हान्स होल्बाइन ऑगस्ट १५३९मध्ये जर्मनीतल्या ड्युरेनला गेला, ॲन आणि तिची धाकटी बहीण अमालिया अशा दोघींची चित्रं काढली. इंग्रज वकील निकोलस वॉटन दोघींना पाहत होता, त्याने चित्रं हुबेहूब असल्याचं कळवलं. राजाने नंतर दोष दिला तो तिची तोंडभरून स्तुती करणाऱ्यांना. चित्रकार राजाच्याच पगारावर राहिला आणि १५४३मध्ये वारला. चित्र आज पॅरिसला लूव्रमध्ये आहे. सरळ समोर बघणारा चेहरा, पापण्या किंचित जड, हात एकावर एक. माझ्या मते शांत चेहरा आहे. मोहक म्हणणार नाही.

जुनी वही :
मग अनुवादाला वाट मिळाली की. मराठीत 'म्हणे' आहे ना! 'हेन्रीने तिला फ्लँडर्सची घोडी म्हटले' असं न लिहिता 'हेन्री म्हणे तिला फ्लँडर्सची घोडी म्हणाला' असं लिहायचं. एका शब्दात ऐकीव माहिती, लेखकाने हात झटकले, आणि वाचकाला इशारा. 'घोडी' तसंच राहू द्या, ती शिवी त्यांच्या भाषेतली आहे हे 'फ्लँडर्सची' मुळे कळतंच.

वेलांटी :
'म्हणे'ची कल्पना आवडली, पण लेख जरा गंभीर वळणाचा आहे. 'म्हणे' आलं की पारावरच्या गप्पांचा सूर लागतो. बघते. दुसरी अडचण : हेन्रीने तिला पहिल्यांदा पाहिलं त्या प्रसंगाला लेखकाने भेट म्हटलंय, पण मला 'मुलगी बघण्याचा कार्यक्रम' असं लिहायचा फार मोह होतोय.

रफार :
मोह आवरा, कारण बघायला तो आला पण आधी नापास झाला तोच. १ जानेवारी १५४०. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेला वादळी हवेमुळे ती दोनेक आठवडे अडकून पडली होती, मग इंग्लिश खाडी ओलांडून डीलला उतरली आणि रॉचेस्टरला मुक्काम केला. खिडकीतून बाहेर चाललेला बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ बघत होती. हेन्री वेषांतर करून, पाच-सहा सरदार घेऊन, न कळवता आत शिरला. त्या काळच्या दरबारी प्रेमकथांतला हा लाडका खेळ : खऱ्या प्रेयसीने वेषांतरातल्या राजाला ओळखायचं. त्याने तिला मिठी मारून मुका घेतला आणि राजाकडून भेट आणल्याचं सांगितलं. आता परक्या देशात, भाषा न येणाऱ्या मुलीच्या खोलीत एक जाडजूड अनोळखी पन्नाशीचा पुरुष घुसून असं करतो, तर तिने काय करावं? एका बखरीप्रमाणे तिने त्याच्याकडे फारसं लक्षच दिलं नाही, ती खिडकीबाहेरच बघत राहिली. मग तो दुसऱ्या खोलीत जाऊन जांभळ्या मखमलीचा अंगरखा चढवून परत आला, सरदारांनी मुजरे केले, तेव्हा तिला उलगडा झाला. तिच्यासाठी आणलेली सेबल नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याची उंची लोकर त्याने स्वतः दिलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका दरबाऱ्याहाती पाठवून दिली.

घाटावरचा :
फुगलं की राजाचं तोंड! बायकोनं वळखलं न्हाई म्हणून लगीन मोडणारा हा पैलाच.

ओसरी :
ॲनबद्दल 'मठ्ठ, अरसिक, काही न येणारी' हेही सगळीकडे लिहिलेलं असतं. ते तरी खरं का? 'अरसिक' हा शब्द मी एका जुन्या मराठी लेखात तिच्यासाठी वाचला आहे.

रफार :
त्याचा उगम वॉटनच्याच पत्रात आहे. तो कळवतो की ती बराच वेळ सुईकाम करते, आपल्या भाषेत लिहिता-वाचता येतं, फ्रेंच-लॅटिन येत नाही, गाता-वाजवता येत नाही, कारण थोरामोठ्यांच्या बायकांनी विद्वान असणं किंवा संगीत जाणणं हे तिकडे उठवळपणाचं मानतात. पुढच्याच ओळीत तो म्हणतो की तिची बुद्धी चांगली आहे, इंग्रजी लवकर शिकेल. ती ओळ कुणी उद्धृत करत नाही. घरंदाज बाईने गाणं शिकलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती आपल्या आजी-पणजीच्या काळातही होतीच की. त्यावरून त्यांना अरसिक म्हणायचं का?

आणि मठ्ठ? कॅलेला अडकली होती तेव्हा तिने साउदम्प्टनच्या अर्लकडे निरोप धाडला : राजाला आवडणारा एखादा पत्त्यांचा डाव मला शिकवा. त्याने 'सेंट' नावाचा डाव शिकवला. तो कौतुकाने लिहितो की, ती इतक्या सफाईने खेळली की कुठल्याही खानदानी बाईला शोभावं. मग तिने त्याला जेवायला बोलावलं, इंग्रज लोक जेवायला कसे बसतात ते बघायचं होतं म्हणून. भाषेचा एक शब्द येत नसताना सासरची रीत आधीच पाठ करू पाहणारी मुलगी आहे ही. हिला अरसिक म्हणणाऱ्याने पुरावा आणावा.

जुनी वही :
आता माझी शंका. शेवटी जे झालं त्याला मराठीत काय म्हणायचं? इंग्रजी पोरांच्या यमकात सहा राण्यांचा हिशेब लावताना हिच्या नावापुढे 'घटस्फोट' येतो.

रफार :
घटस्फोट नव्हे. ९ जुलै १५४०ला धर्मसभेने ठरवलं की हे लग्न झालंच नव्हतं. कारणं तीन : १५२७मध्ये लोरेनच्या फ्रान्सिसशी ठरलेलं लहानपणचं लग्न, राजाची मनापासून संमती नसणं, आणि शरीरसंबंध न होणं. संसदेनेही शिक्कामोर्तब केलं. गंमत म्हणजे त्याच अधिवेशनात घोड्यांची जात सुधारण्याचा कायदाही झाला, पंधरा हातांहून (म्हणजे मुठींच्या मापाने) बुटके घोडे काही परगण्यांच्या गायरानांत सोडायला बंदी करणारा. बर्नेटला सांगायला हवं होतं.

जुनी वही :
मग 'काडीमोड' गेला, 'फारकत' गेली, 'सोडचिठ्ठी'ही गेली. या सगळ्यांना आधी लग्न लागतं. आपल्या कोर्टाच्या मराठीतलं 'विवाह रद्दबातल' हेच बरं. रूक्ष आहे, पण बरोबर आहे. आणि लेखात कुठे 'टाकलेली' शब्द आला असेल तर तो कापा.

वेलांटी :
आला आहे. 'टाकलेली राणी' असं उपशीर्षकच दिलंय मी. मूळ इंग्रजीत 'नाकारलेली' अशा अर्थाचा शब्द आहे.

जुनी वही :
'टाकलेली' म्हटलं की माहेरी भावाच्या तुकड्यावर जगणारी, कपाळाला कुंकू असून नसलेली बाई डोळ्यांपुढे येते. ही तशी होती का?

रफार :
ती माहेरी गेलीच नाही. कागद पुढे येताच तिने भांडण न करता मान्यता दिली. पहिल्या राणीने, आरागॉनच्या कॅथरीनने, वर्षानुवर्षं विरोध केला त्याचं फळ काय ते सगळ्या युरोपने पाहिलं होतं, आणि दुसरीचा, ॲन बोलीनचा, शिरच्छेद तर चारच वर्षांपूर्वीचा. हिला मिळालं काय : रिचमंडचा राजवाडा, ब्लेचिंगली, हीव्हरचा किल्ला, शिवाय वार्षिक उत्पन्न. ससेक्समधल्या लुईसला तिच्या नावाचं जे घर दाखवतात, त्यात ती कधी राहिली नाही, नुसतं पदरी पडलेल्या मालमत्तेत होतं. दरबारात मान कोणता, तर राजाची बायको आणि मुलं सोडली तर सगळ्या बायकांच्या वर. आणि पदवी 'राजाची प्रिय बहीण'.

घाटावरचा :
थांबा. बायकोची बहीण केली? मानलेली बहीण?

रफार :
मानलेली बहीणच. याहून नेमका शब्द नाही. हसू येतं, पण राजकारणाच्या दृष्टीने सोयीचा होता : क्लीव्हजच्या ड्यूकचा, म्हणजे तिच्या भावाचा, अपमान टळला, ती इंग्लंडमध्येच राहिली, दुसऱ्या कुणाशी सोयरीक करून डोकेदुखी झाली नाही. आणि ती हे नातं निभावायची. १५४१च्या नव्या वर्षाला हॅम्प्टन कोर्टला आली तेव्हा तिने राजाला भेट आणली काय माहीत आहे? दोन उमदे मोठे घोडे, अंगावर जांभळट मखमलीच्या झुली. नव्या राणीपुढे, म्हणजे तिच्याच पूर्वीच्या दासीपुढे, गुडघे टेकून बोलली. राजा झोपायला गेल्यावर दोघी एकत्र नाचल्या. हे सगळं सम्राट पाचव्या चार्ल्सच्या वकिलाच्या, शापुईच्या, पत्रात आहे. राजाने कॅथरीनला अंगठी आणि दोन छोटे कुत्रे दिले, ते तिने ॲनला देऊन टाकले.

घाटावरचा :
म्हणजे जिंकली की बाई! डोकं शाबूत, वाडा शाबूत, आणि नवऱ्याची कटकट नाही. 'सहा जणींतली शहाणी' असं उपशीर्षक द्या वेलांटीताई.

रफार :
नका देऊ. हल्ली हाच दुसरा साचा झाला आहे, आणि तोही तिच्यावर अन्यायच करतो. कॅथरीन हॉवर्ड राजाच्या मर्जीतून उतरल्यावर क्लीव्हजच्या वकिलाने ॲनला परत राणी करा म्हणून रदबदली केली, ती फेटाळली गेली. म्हणजे माहेरच्यांना तरी ती 'जिंकली' असं वाटत नव्हतं. हेन्रीनंतर त्याचा मुलगा एडवर्ड याच्या राज्यात पैसे वेळेवर मिळेनासे झाले, ब्लेचिंगली सोडावं लागलं. १५५३मध्ये हेन्रीची मुलगी मेरी हिच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत धाकट्या एलिझाबेथच्या शेजारी बसून ती गेली हे खरं, पण १५५७मध्ये चेल्सीला वारली तेव्हा एक्केचाळीस-बेचाळीसचीच होती. मृत्युपत्रात नोकरचाकरांची एकेकाची सोय लावून गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं तिला. घोडी नव्हती म्हणून लगेच वाघीण करायची गरज नाही.

वेलांटी :
पटलं. उपशीर्षक 'चौथी राणी' एवढंच ठेवते. आणि वाक्य असं केलं : 'हेन्रीने तिला फ्लँडर्सची घोडी म्हटल्याची कथा बर्नेटने १६७९मध्ये प्रथम लिहिली. राजाची नापसंती खरी, हे शब्द मात्र त्या काळच्या कुठल्याही कागदात नाहीत.' 'म्हणे' गाळलं, जुनी वही, राग मानू नका.

जुनी वही :
राग कसला. पण 'म्हटल्याची कथा'त 'म्हणे' आलंच की.

वेलांटी :
शेवटची अडचण, चित्राखालच्या ओळीची. तिच्या पत्राखाली 'ॲना, डॉटर ऑफ क्लीव्हज' अशी सही असायची असं लेखात आहे. तेच नाव चित्राखाली द्यायचंय. 'क्लीव्हजकन्या ॲना' फार नाटकी वाटतं.

ओसरी :
'क्लीव्हजची लेक, ॲना'. 'कन्या' लग्नपत्रिकेत शोभते.

रफार :
'लेक'ला माझंही मत. लग्न रद्द झाल्यावर राजाला लिहिलेल्या पत्रातही हीच सही आहे, 'आपली नम्र बहीण आणि सेविका' याच्या खाली. आणि सगळीकडे 'ॲन' लिहिलंत तरी सहीत 'ॲना'च ठेवा, ती स्वतःला तसंच लिहायची.

वेलांटी :
सोमवारी मुद्रितं जाणार आहेत. 'क्लीव्ज' की 'क्लीव्हज' यावर कुणाला वाद घालायचा असेल तर त्याआधी घाला.